तुम्ही विचारलंत म्हणून: दवा का मारत नाही?

बडोद्याबाहेर पादरा रस्त्यावर माझी छोटी रोपवाटिका आहे. निलगिरीची रोपं उपटून जाळताना दिसले की कुणीतरी विचारतंच, "काकू, जाळता कशाला? दवा मारा ना!" परवा दांडिया बाजारातल्या शेजारीणबाईंनीही तेच विचारलं.

त्यांच्या हातात मी एक पान ठेवलं. मधल्या शिरेवर आणि देठावर ओळीनं गाठी. कोवळ्या असताना हिरव्या, मग चकचकीत गुलाबी, शेवटी तपकिरी. नखानं एक फोडली तर आत पांढरी, बिनपायांची अळी. तिची आई म्हणजे लेप्टोसायबी इन्व्हेजा, जेमतेम सव्वा मिलिमीटरची गांधीलमाशी. नराशिवायही तिची वीण चालू राहते. मूळची ऑस्ट्रेलियातली. २००० च्या सुमारास ती भूमध्य समुद्राच्या आसपास दिसली, पाठोपाठ दक्षिण भारतात आली. शास्त्रीय नाव मिळालं ते २००४ मध्ये.

अळी गाठीच्या पोटात, दवा पानावर. तिला फवारा लागतच नाही. मरतात त्या तिच्यावर जगणाऱ्या दुसऱ्या बारीक गांधीलमाश्या, म्हणजे आपल्याच बाजूचे जीव. इस्राएलनं असे शत्रू थेट ऑस्ट्रेलियातून शोधून आणले. आपल्याकडेही पिठ्या ढेकणाचं, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या दिसणाऱ्या रसशोषक किडीचं, उदाहरण आहे. २००८ मध्ये कोइमतूरला तो पपईवर सापडला, मग तुती, सागवान काही सोडलं नाही. शेतकरी फवारून थकले. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून अॅसेरोफॅगस पपायी ही इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली आणि काही महिन्यांत तो आटोक्यात आला. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

पण निलगिरीवरचा हा किडा मुळात येतो कसा? उडून थोडा, आपल्या टेम्पोतून फार. एका वर्षी मी परराज्यातून क्लोनची, म्हणजे एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली, रोपं आणली. पानं स्वच्छ होती. अंडी आत होती. गाठी दिसेपर्यंत निम्मी रोपं एका शेतकरीदादांच्या बांधावर लागली होती. त्यांचे शेंडे वळले, वाढ खुंटली. दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. तो बांध अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

अंड्यापासून माशी व्हायला चारएक महिने लागतात. म्हणून बाहेरून आलेलं रोप आता तेवढे दिवस जाळीच्या खोलीत, बाकीच्यांपासून लांब ठेवते. सध्या चाळीस रोपं तिथे आहेत. घाई असली तरी ती दिवाळीनंतरच मिळतील.