घरट्याचा पत्ता

रायगड जिल्ह्यातील आमच्या गावापासून अडीच किलोमीटरवर एक ओहोळ आहे. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही, आणि ते का लिहीत नाही हाच या लेखाचा विषय आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्या ओहोळाच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या घरटे करतो. चिमणीपेक्षाही लहान, पोवळ्यासारख्या लाल चोचीचा, जांभळट निळ्या पाठीचा, पिवळ्याधमक पोटाचा आणि पायाला तीनच बोटे असलेला हा पक्षी नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर कोकणात येतो. नर आणि मादी मिळून ओल्या दरडीत चोचीने बीळ कोरतात आणि त्या बिळाच्या टोकाशी पिल्ले वाढवतात. ज्याने हा पक्षी एकदा पाहिला त्याला कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. मलाही राहवले नाही.

सात वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका बुधवारी संध्याकाळी, मी त्या घरट्याचा फोटो आणि सोबत गूगल मॅपवरील नेमके लोकेशन पक्षीनिरीक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. ग्रुप मोकळा होता. कोणीही, केव्हाही, काहीही टाकावे; अ‍ॅडमिन होते, पण त्यांचे काम नवे सदस्य जोडण्यापुरतेच होते. फोटोला शंभराच्या आसपास अंगठे आले, माझे मन भरून आले, आणि तो मेसेज त्या रात्रीत आणखी किती ग्रुपमध्ये गेला हे मला कधीच कळले नाही.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला चौदा गाड्या उभ्या होत्या. ओहोळाच्या पात्रात गुडघाभर पाण्यात तिपाया लावून माणसे उभी होती. दरडीवरून बिळावर लोंबणारे नेचे आणि झाडाची बारीक मुळे कोणीतरी कोयत्याने छाटून टाकली होती, कारण ती फोटोत आडवी येत होती. बिळापासून चार हातांवर पाण्यात एक वाळकी फांदी रोवलेली होती, पक्ष्याने नेमके तेथेच बसावे म्हणून. मादी की नर ते ओळखू आले नाही, पण दोघांपैकी एक पक्षी चोचीत खेकड्याचे पिल्लू धरून पलीकडच्या उक्षीच्या वेलीवर आला, बसला, मान वरखाली करीत राहिला आणि तसाच परत गेला. पाऊण तासात तो तीन वेळा आला आणि एकदाही बिळात शिरला नाही. मी लोकांना बाजूला व्हायला सांगितले. काही झाले, काहींनी ‘आणखी पाचच मिनिटे’ म्हटले. पुढच्या शनिवारी बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते.

या प्रसंगात वाईट हेतूचे माणूस मला एकही सापडत नाही. आलेले सगळे हौशी होते, पक्ष्यांवर प्रेम करणारे होते, आणि पहिली चूक माझी स्वतःची होती. परंतु तो मेसेज पाठवताना ‘हे टाकावे का?’ असे मला विचारणारे तेथे कोणी नव्हते. जेथे हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणावरच नसते, तेथे सगळेच टाकले जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते, हे मला त्यानंतर कळले. शिकार हा शब्द माझ्या छंदाला कधी लागू होईल असे मला वाटले नव्हते.

त्याच वर्षी मी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये गेलो. तेथे सदस्यांना थेट लिहिता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली केवळ अ‍ॅडमिननाच मेसेज पाठवता येतील अशी सोय आणली, तिचा या ग्रुपने पहिल्यापासून वापर केला. आपली नोंद तीन मॉडरेटरपैकी एकाला व्यक्तिशः पाठवायची, तो काही विचारील त्याचे उत्तर द्यायचे, आणि मग ती ग्रुपवर जाते. सुरुवातीला मला हे जाचक वाटले. मी पन्नाशीचा माणूस, तीस वर्षे नोकरी केलेला. माझ्या फोटोला कोणाची मंजुरी कशाला हवी?

पहिलीच नोंद मी ‘शिक्रा’ म्हणून पाठवली होती. करड्या पाठीचा, छातीवर आडव्या तांबूस रेघा असलेला पक्षी, आंब्याच्या फांदीवर. मॉडरेटर म्हणजे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी ‘चूक’ असे लिहिले नाही. त्यांनी विचारले की चोच टोकाशी आकड्यासारखी वळलेली दिसते का; पाय पक्षी पकडणाऱ्या शिकाऱ्याचे वाटतात का; बोटे पुढे किती आणि मागे किती; आणि तो पक्षी ओरडत होता का. मी फोटो मोठा करून पाहिला. चोच जवळजवळ सरळ होती, पाय किरकोळ होते, दोन बोटे पुढे आणि दोन मागे होती. आणि ओरडणे तर मला सकाळपासून ऐकू येत होते, लहानपणापासून ऐकत आलो होतो: ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. तो पावशा होता. शिक्र्यासारखे रूप असलेला, पण कोकिळेच्या कुळातला. अर्ध्या तासाच्या त्या सवालजबाबात मी जे शिकलो, ते मोकळ्या ग्रुपमध्ये दोन वर्षांत शिकलो नव्हतो. तेथे फोटो टाकल्याबरोबर सहा जण सहा नावे सांगत, त्यांतील सर्वांत ठासून सांगितलेले नाव खरे ठरे, आणि तोवर खाली सुप्रभातचे तीन मेसेज येऊन विषय वाहून जाई.

हा प्रश्न मोबाइलने जन्माला घातलेला नाही. झफर फतेहअली यांनी १९६०च्या सुमारास पक्षीनिरीक्षकांसाठी एक छोटे वार्तापत्र सुरू केले आणि पुढे अनेक वर्षे त्याचे संपादन केले. देशभरातील हौशी लोक आपापल्या नोंदी त्यांना पाठवीत. छापण्यापूर्वी कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीव लिहिणाऱ्याला असे. संगणकांच्या जाळ्यावरील पहिल्या मोठ्या चर्चागटांमध्ये, म्हणजे १९८० साली सुरू झालेल्या यूजनेटवरही, दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदल्या: काही गट पूर्ण मोकळे, तर काहींत पाठवलेला मजकूर आधी मॉडरेटरकडे ई-मेलने जाई. १९९४च्या एप्रिलमध्ये दोन वकिलांनी अमेरिकेच्या ग्रीन कार्डची जाहिरात एकाच वेळी हजारो गटांवर टाकली, तेव्हा मोकळेपणाची किंमत पहिल्यांदा सगळ्यांना एकदम दिसली.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र जाहिरातीपेक्षा मोठा धोका चुकीच्या नोंदीचा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाही खात्रीने दिसले नव्हते. मात्र रिचर्ड माइनर्टझागेन या नामवंत ब्रिटिश संग्राहकाने गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली आपण तो मिळवल्याचा दावा केला होता, आणि पेंढा भरलेला पक्षी संग्रहालयात होता. माणूस मोठा, नमुना समोर. शंका कोण घेणार? पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या ठिकाणाचा माग सोडून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधाराने रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खानदेशात आले, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एका न तपासलेल्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना कित्येक दशके भलत्या जागी पाठवले होते.

आज जगभरातील पक्षीनिरीक्षक जेथे आपल्या नोंदी टाकतात त्या ई-बर्डसारख्या ऑनलाइन नोंदव्यवस्थेत हीच तपासणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक भागासाठी, वर्षाच्या प्रत्येक काळासाठी कोणता पक्षी किती संख्येपर्यंत अपेक्षित आहे याची एक मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडणारी नोंद आपोआप वेगळी काढली जाते, नोंद करणाऱ्याला तपशील मागितला जातो, आणि त्या भागाची माहिती असलेला एखादा स्वयंसेवक त्याच्याशी पत्रव्यवहार करतो. मला त्यातील एक गोष्ट फार आवडते. नोंद मान्य झाली नाही तरी ती पुसली जात नाही. ती तुमच्या स्वतःच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही. माणसाचा अनुभव त्याच्याकडून हिरावून न घेता सर्वांच्या माहितीची शुद्धता राखली जाते. आणि संवेदनशील ठरवलेल्या प्रजातींचे नेमके ठिकाण तेथे दाखवलेच जात नाही. साधारण वीस किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन तेवढा दिसतो. माझ्या ओहोळाला असा चौकोन त्या बुधवारी मिळाला असता तर!

तरीही मोकळ्या ग्रुपबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण संक्रांतीच्या दिवसांत मी त्याचे मोल पाहिले आहे. मांज्यात पंख अडकलेली घार झाडाला उलटी लोंबकळत असते, तेव्हा तीन मॉडरेटरपैकी कोण जागे आहे याची वाट पाहणे शक्य नसते. कोणत्या भागात, कोणते झाड, शिडी कोणाकडे, पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर या वेळी कोठे आहेत, हे सगळे पाच मिनिटांत जमून येते ते मोकळ्या ग्रुपमध्येच. आमच्या नियमन असलेल्या ग्रुपने अखेर जखमी पक्ष्यांसाठी एक वेगळा, पूर्ण मोकळा ग्रुप काढला. तेथे फोटोचे कौतुक करायचे नाही आणि अन्य काही टाकायचे नाही, एवढीच अट आहे, आणि लोक ती पाळतात.

मॉडरेटरच्या हातूनही अन्याय होतो, तोही सांगितला पाहिजे. आमच्या ग्रुपमध्ये सिंधुदुर्गातील एक वयस्कर गृहस्थ होते. पुस्तकी नावे त्यांना ठाऊक नव्हती, पण कोणता पक्षी कोणत्या पंधरवड्यात कोणत्या झाडावर येतो हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या दोन नोंदी फोटो नाही म्हणून वगळल्या गेल्या आणि त्यांना कोणी काही कळवलेही नाही. तिसऱ्या महिन्यात ते ग्रुप सोडून गेले. नोंद वगळण्यापेक्षा ती मुकाट्याने वगळणे अधिक दुखावणारे होते. मी स्वतः मॉडरेटर झालो तेव्हा पहिला आग्रह मी हाच धरला, की नाकारलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण पाठवणाऱ्याला सांगायचे, शक्यतो फोन करून. यात वेळ जातो. रोज रात्री जेवणानंतर तास-दीड तास जातो, आणि घरच्यांना तो मुळीच आवडत नाही. पण त्या गृहस्थांना मी फोन केला, माफी मागितली आणि आता ते आवाजी मेसेज पाठवतात. लिहून घेण्याचे काम आमचे.

अ‍ॅडमिन म्हणून या कामाची भीती वाटते असे अनेक जण मला सांगतात. कोणी भलतेसलते टाकले तर पोलीस आपल्याला धरतील, असा त्यांचा समज असतो. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिलेला निर्णय त्यांनी वाचावा. संगनमत किंवा समान हेतू दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो तपासण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार अ‍ॅडमिनकडे नसतो, हेही नमूद केले. पुढे २०२२मध्ये कोणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसण्याची सोय अ‍ॅडमिनला मिळाली. हातात आलेला हा अधिकार केवळ स्वतःच्या बचावासाठी न वापरता ज्याच्यासाठी ग्रुप आहे त्या पक्ष्यासाठी वापरावा, असे मला मनापासून वाटते.

या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावाकडच्या एका गुराख्याचा मला आवाजी मेसेज आला. ‘दादा, तुमची ती लाल चोचीची आली बघा, दरडीला माती उकरते.’ पाठीमागे पावसाचा आवाज होता. मी ग्रुपवर लिहिले: तिबोटी खंड्या, रायगड जिल्हा, घरटे करण्यास सुरुवात. त्या रात्री अकरा जणांनी मला व्यक्तिशः लोकेशन मागितले. दोघे मुंबईहून पहाटे निघायच्या तयारीत होते. प्रत्येकाला मी स्वतंत्र उत्तर लिहिले, त्या रविवारी काय झाले होते ते सांगितले, आणि ऑगस्ट उलटल्यावर, पिल्ले उडून गेल्यावर, ओहोळ दाखवायला मीच घेऊन जाईन असे कळवले. एकाने रागावून उत्तर दिले. बाकीच्या दहांपैकी सहा जणांनी सप्टेंबरमधील तारीख विचारली आहे.