प्रकृती स्थिर

अनंत चतुर्दशीच्या सकाळी साडेनऊला वॉर्डमधून सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, बंदी आजोबांच्या मिसेस आल्यात. आज भेटीचा वार नाही म्हणून गार्ड आत सोडत नाहीये."

मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरल्या, तर पुढचे रस्ते मिरवणुकीसाठी बंद. रिक्षावाले नाही म्हणाले म्हणून विचारत विचारत चालत आल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात तांदळाची पेज. नाकातल्या नळीतून जाईल अशी पातळ हवी, दोनदा गाळून घ्या, असं मी मागच्या भेटीत सांगितलं होतं. त्यांनी तीनदा गाळली होती.

मी पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. योजनांची कागदपत्रं, बेवारस रुग्णांचे नातेवाईक शोधणं ही आमची रोजची कामं. कारागृहातून उपचारासाठी आणलेल्या बंद्यांचं घरच्यांशी बोलणं करून देणं, वकिलांपर्यंत कागद पोचवणं हेही आमच्याकडेच येतं.

आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. बांधावरून भावकीत मारामारी झाली, त्यात सख्खा पुतण्या गेला. खुनाबद्दल जन्मठेप, अपील उच्च न्यायालयात प्रलंबित. त्यांचा गुन्हा मला हलका करून सांगायचा नाही. त्या पोराची आई अजून त्याच वस्तीवर राहते. पण माझ्यासमोर खाटेवर होता तो गालाला आरपार भोक पडलेला एक म्हातारा माणूस. आयुष्यभर तंबाखूचा बार जिथे धरला, त्याच जागी कॅन्सर झाला होता. आमच्याकडे आले तेव्हा गाठ मानेपर्यंत उतरलेली. शस्त्रक्रिया होणार नाही, रेडिएशनचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मग त्यांना पॅलिएटिव्ह उपचार, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणारे उपचार, सुरू झाले.

पहिल्या आठवड्यात ते रात्ररात्र बसून असत. आडवं झालं की ठणका वाढायचा. दहा मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी कुटून, पाण्यात विरघळवून, दर चार तासांनी नळीतून द्यायला सुरुवात झाली. झोपमोड नको म्हणून झोपताना दुप्पट. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. तिसऱ्या रात्री आजोबा सलग सहा तास झोपले. गार्डवरचा तरुण शिपाई मला म्हणाला, "मॅडम, ही अफूच ना?" हो, मॉर्फिन अफूपासूनच बनतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांचं एवढं जंजाळ झालं, की कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसालाही ही गोळी मिळणं मुश्कील होऊन बसलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट पुष्कळ सोपी झाली. तरी भीती अजून आहे, शिकलेल्या लोकांतही आहे. मला कुणी विचारलं की आम्ही यांना काय देऊ शकलो, तर मी आधी ही गोळी सांगते.

दुसरी गोष्ट वासाची. जखमेला इतका वास यायचा, की शेजारचा रुग्ण तोंड फिरवून झोपायचा. मावशी पहिल्या भेटीत पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिल्या आणि त्याचंच रडत बसल्या. मेट्रोनिडाझोलच्या साध्या गोळ्या बारीक कुटून सिस्टर ती पूड ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकू लागल्या. चार दिवसांत वास उतरला. पुढच्या भेटीत मावशी उशाशी बसल्या.

आता माझ्या चुकीबद्दल.

अपील प्रलंबित असेल, तर शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३८९ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३० आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने १० डिसेंबर २०२४ पासून वृद्ध आणि असाध्य आजाराच्या बंद्यांसाठी खास मोहीमही सुरू केली होती. मी मोफत वकील मिळवला, सगळे कागद जोडले, आठवडाभरात अर्ज मुंबईला गेला. मी समाधानाने घरी गेले. सुनावणीत सरकारी वकिलांनी आमच्याच कागदातली एक ओळ वाचून दाखवली. प्रकृती स्थिर, उपचार चालू. न्यायालयाने नवा अहवाल मागवला आणि तारीख पुढे गेली.

ती ओळ रेसिडेंट डॉक्टरांनी लिहिली होती, 'व्हायटल्स स्टेबल'. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की तपासलं त्या घडीला नाडी, रक्तदाब, श्वास ठीक होते. मरणाला टेकलेल्या माणसाचेही ते कित्येक दिवस ठीक असतात. कोर्टात मात्र त्याचा अर्थ होतो, माणूस बरा आहे. यात डॉक्टरांकडे बोट दाखवता येणार नाही. ते रोज पन्नास कागदांवर हेच लिहितात. कागद पुढे पाठवणारी मी होते. अकरा वर्षांत ही ओळ इतक्या वेळा नजरेखालून गेली होती, की मला ती दिसेनाशीच झाली होती.

मग मी रेसिडेंट डॉक्टरांजवळ बसले आणि आम्ही नवा अहवाल लिहिला. गिळता येत नाही. बोलता येत नाही. कूस बदलायलाही माणूस लागतो. दर चार तासांनी मॉर्फिन, दिवसातून दोनदा ड्रेसिंग. आजार बरा होणार नाही आणि उरलेला काळ आठवड्यांत मोजण्याइतका आहे, हेही स्पष्ट शब्दांत. वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतात, १९९७ पासून त्यांचं हे काम चालू आहे. वस्तीवर परतणं कुणालाच सोसवलं नसतं, म्हणून जामीन झाला तर तिथे विचारायचं माझ्या मनात होतं. पण मेडिकल बोर्डाच्या बैठकीचा दिवस, तीन सह्या, जावक क्रमांक, कारागृहामार्फत पत्र, यात तीन आठवडे गेले. नवी तारीख विसर्जनानंतर चौथ्या दिवशीची मिळाली.

त्या सकाळी पायरीवर मावशींनी मला हळूच विचारलं, "ताई, हितंच काय झालं तर यांना फाडत्यात का वं?"

मी खरं ते सांगितलं. मरण आजारानेच आलं, तरी माणूस कोठडीत असेल तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावं लागतं. या नियमांमागे कारण आहे. कोठडीत माणसं मारली गेली आहेत आणि ती झाकलीही गेली आहेत, म्हणून हे नियम आले. ते जावेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या बाईंना एवढंच हवं होतं, की नवऱ्याचं आधीच फाटलेलं अंग आणखी फाटू नये. आणि त्यासाठी लागणारा कागद माझ्या हातून उशिरा गेला होता.

शिपायाने त्यांना आत सोडलं. तो आदल्या रात्री आठपासून बसून होता. सोबतचा जोडीदार बंदोबस्ताला गेलेला आणि बदली येण्याची चिन्हं नव्हती. शहरातले सगळे पोलीस त्या दिवशी रस्त्यावर असतात.

आजोबांचा उजवा पाय साखळीने खाटेला अडकवलेला असे. रुग्णालयात खाटेला बांधून ठेवलेल्या बंद्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच निकाल दिला आहे, की दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हे चालणार नाही. मी लेखी पत्र दिलं होतं, उत्तर यायचं होतं. हा शिपाई मला आधी म्हणाला होता, "मॅडम, माणूस पळाला तर पहिलं निलंबन माझं." मला त्याचा राग येत नसे. दुपारी मावशी नवऱ्याच्या सुजलेल्या पायांना खोबरेल चोळत होत्या आणि साखळी मध्ये येत होती. त्याने थोडा वेळ पाहिलं. मग खिशातून किल्ली काढली, बेडी उघडली आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला.

गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. तीन दिवसांपूर्वी थोडं रक्त आलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की आता केव्हाही मोठा रक्तस्राव होऊ शकतो. ड्रॉवरमध्ये गुंगीचं इंजेक्शन तयार ठेवा, उशाशी गडद रंगाचे टॉवेल ठेवा. पांढऱ्या चादरीवर रक्त पाहिलं की नातेवाईक आणि रुग्ण दोघेही घाबरतात, गडद कापडावर ते तितकं दिसत नाही. मी दोन चॉकलेटी टॉवेल आणून ठेवले होते. मावशींनाही समजावून सांगितलं होतं. किती समजलं होतं कोण जाणे.

पावणेचारला ते झालं. लांबून ढोलांचा आवाज येत होता. सिस्टर इंजेक्शनसाठी ड्रॉवरकडे धावल्या. मी दोन खाटा पलीकडे होते. सगळ्यांत जवळ शिपाई होता, त्याने टॉवेल उचलून मानेशी धरला आणि दुसऱ्या हाताने आजोबांचा खांदा धरून ठेवला. मिनिटाच्या आत इंजेक्शन गेलं. आजोबांचे डोळे मावशींकडे होते, मग मिटले. सात-आठ मिनिटं लागली असतील. मावशींनी पाय सोडले नव्हते.

पुढची धावपळ थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला, फोन झाले, दंडाधिकाऱ्यांना कळवलं. संध्याकाळी शिपाई वही घेऊन माझ्याकडे आला. हात धुतलेले होते, बाही मात्र भिजलेलीच होती. "मॅडम, बेडी काढल्याची वेळ काय लिहू?"

"जी होती ती लिहा."

त्याने लिहिलं, १४.१०. मी माझ्या टिपणातही तीच वेळ लिहिली आणि खाली सही केली.

शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी झालं. मिरवणूक तोवर संपत आली होती. दुपारी चारच्या पुढे देह ताब्यात मिळाला. मावशींचा भाऊ गाडी घेऊन आला होता. मावशींनी चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. गालावर स्वच्छ पांढरी पट्टी होती. गालाच्या खाली त्यांनी कापड सरकवलं नाही.

"दुखत नव्हतं ना, ताई?"

"नाही मावशी. शेवटचे पाच आठवडे नव्हतं दुखत."

त्यांनी मान हलवली. मग पेजेचा डबा मागितला. सिस्टरांनी तो धुऊन, पुसून कपाटावर ठेवला होता.