लोणी बाजारात, ताक घरात

आयर्लंडच्या जुन्या स्वयंपाकाचा विषय निघाला की गाडी बटाट्यावरच अडते. मला विचाराल तर त्या स्वयंपाकाचा जीव ताकात होता. घरी घुसळलेलं लोणी विकायचं आणि त्या पैशांत जमिनीचा खंड भरायचा. दक्षिण आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा लोण्याचा बाजार १७७० ते १९२४ असा दीडशे वर्षं चालला. घरात उरायचं ते आंबट ताक. बायकांनी त्यावर संसार रेटले, आणि त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझ्या सासूबाई आयर्लंडमधल्या लीट्रिम परगण्यातल्या. त्यांच्या आजीकडे ओव्हन नव्हता. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा, म्हणजे जळणाच्या मातीचा विस्तव, त्यावर बॅस्टिबल, म्हणजे तीन पायांचं बिडाचं भांडं. झाकणावरही निखारे ठेवायचे, की ब्रेड वरून-खालून सारखा भाजला जायचा.

सोडा ब्रेडला लागतं काय? पीठ, मीठ, खायचा सोडा, ताक. मळायचं मात्र नाही. सासूबाई बोटं फाकवून पंजा परातीत गोल फिरवतात आणि पीठ जेमतेम गोळा झालं की हात काढतात. ताकातलं आम्ल सोड्याला लागलं की लगेच वायू सुटतो. रेंगाळलात तर ब्रेड दडस होतो. वर सुरीने खोल फुली, म्हणजे आच मध्यापर्यंत पोचते. झाला की उलटा करून बुडावर टकटक करायचं. पोकळ आवाज आला पाहिजे. तिथल्या दमट हवेतला गहू मऊ, ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन कमी, यीस्टने नीट फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात सोडा घरोघरी पोचला आणि त्याच गव्हाचं सोनं झालं.

बटाट्याबरोबरही ताकच. १८४५ला बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला. त्याआधी राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. सालासकट उकडलेले बटाटे टोपलीत ओतायचे आणि सगळ्यांनी भोवती बसायचं.

लीट्रिमची खासियत बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याचं धिरडं. किसणी घरचीच: पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडायची आणि खरखरीत बाजूवर कच्चा बटाटा किसायचा. कीस फडक्यात घट्ट पिळायचा. पाणी फेकायचं नाही, तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व परत घ्यायचं. त्यात उकडून कुस्करलेला बटाटा, पीठ, मीठ, चिमूटभर सोडा आणि ताक, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. हल्ली ताकाऐवजी दुधात लिंबू पिळतात. फुगतं, पण ती चव येत नाही. सासूबाई तर ताक नसेल त्या दिवशी बॉक्स्टी करतच नाहीत.