टाळूवरचं तेल

मे महिन्यातला शनिवार. बाहेर पारा 45 च्या पुढे, आणि आत एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी सोनोग्राफीच्या जेलची बाटली दोन्ही तळव्यांत धरून कोमट करत बसले होते. नव्या पोरांना याचं हसू येतं. एक इंटर्न म्हणालाच, "मॅडम, पार्किंगमध्ये दोन मिनिटं ठेवून आणू का?" कल्पना वाईट नव्हती. पण एसीत राहिलेलं जेल हजार ग्रॅमच्या बाळाच्या टाळूवर पडलं की बाळ दचकतं, अंग आखडतं, मॉनिटरवरचे आकडे घसरतात. मग पडद्यावर काय दिसतंय ते बाजूला राहतं आणि सगळे त्या आकड्यांकडे बघत बसतात.

त्या दिवशी खाटेजवळ बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी शिकवायची होती. आमचे दोन रेसिडेंट, तीन इंटर्न आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या नवजात कक्षातले एक मेडिकल ऑफिसर. हे डॉक्टर दोन तासांचा प्रवास करून आले होते, कारण मशीन त्यांच्याकडे जाऊ शकत नाही. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी त्या-त्या जागेसह होते. आमचं मशीन जन्मलेल्या बाळांचीच डोकी आणि हृदयं बघतं, तरी कुलूप, किल्ली, नोंदवही सगळं आलंच. ते रात्री गाडीत घालून दुसऱ्या गावी नेता येत नाही. कायदा का आला ते ठाऊक असल्यामुळे मी कुरकुर करत नाही. फार करत नाही.

सकाळी तर्री-पोहे झाले आणि मी दीड तास स्लाइड दाखवल्या. चाळीसेक चित्रं. त्यातली नॉर्मल मेंदूची किती, तर तीन. हे मला संध्याकाळी मोजल्यावर कळलं.

रोग दाखवायला मजा येते, हे कबूल करायला हवं. पडद्यावर पांढरा ठिपका, त्याला बाण, वर ग्रेड. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या ग्रेड, एक सौम्य ते चार गंभीर, सगळ्यांना पाठच असतात. ही वर्गवारी 1978 ची, आणि तीसुद्धा सोनोग्राफीवरून नाही, 1500 ग्रॅमखालच्या बाळांच्या सीटी स्कॅनवरून केलेली. पोरं ती पाढ्यासारखी म्हणतात.

मग गर्भधारणेपासून मोजून 35 आठवड्यांच्या, घरी जायच्या बेतात असलेल्या एका गुबगुबीत बाळावर प्रत्येकाचा हात बसवला. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, टाळूवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. करंगळी बाळाच्या कपाळाला टेकवायची, म्हणजे बाळ हललं की हातही त्याच्यासोबत हलतो. कानाकडून कानाकडे धरलेला प्रोब पुढे कपाळाकडे झुकवायचा, मग हळूहळू मागे. नंतर तो फिरवून मध्यरेषेत, आणि तिथून डावी-उजवी बाजू. हात पंख्यासारखा फिरला पाहिजे. टाळूवरची जागा मात्र सुटायची नाही. मेडिकल ऑफिसर साहेबांचा हात पहिल्या झटक्यात बसला. आमच्या एका रेसिडेंटचा प्रोब तिरका जायचा, आणि तिरक्या प्रोबमध्ये डावं-उजवं कधीच सारखं दिसत नाही.

दुपारी खरं काम होतं. 28 आठवड्यांतच जन्मलेलं बाळ, 1080 ग्रॅम, तिसरा दिवस. अशा बाळांच्या मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो, म्हणून हा स्कॅन ठरलेलाच असतो. या दिवसांत बाळाला कमीत कमी हात लावायचा, मान मध्यरेषेत ठेवायची. त्यामुळे प्रोब मी धरला आणि बाकीच्यांनी फक्त बघायचं, असं ठरलं. इनक्युबेटरच्या खिडकीतून माझा हात आत, आणि माझ्या खांद्यामागे सहा डोकी. सहा. दोनच उभी करायला हवी होती.

आई तीन फुटांवर खुर्चीत बसून वाटीत दूध काढत होती.

मी पुढून मागे येत होते. पुढच्या भागात काळं, स्वच्छ. मागे व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी, रुंद होतं तिथे पोचले, आणि त्याच रेसिडेंटचा श्वास माझ्या कानाशी आला. "मॅडम, ब्लीड! डावीकडे. ग्रेड टू. बाजूला पसरलंय पण, म्हणजे फोर?"

मागे वाटी पडली. तेवढा एक आवाज.

तिथे रक्त नव्हतं. त्याला दिसला होता तो कोरॉइड, मेंदूतलं पाणी तयार करणारी झालर. व्हेंट्रिकलच्या त्या वळणावर ती जाड असते, सोनोग्राफीत लख्ख पांढरी दिसते, आणि एका बाजूला दुसरीपेक्षा मोठी असू शकते. बाजूला 'पसरलेलं' होतं ती नुसती फिकट झाक. पुढच्या टाळूतून जाणारे ध्वनितरंग तिथल्या तंतूंवर एका ठरावीक कोनात आपटतात, म्हणून ती उमटते. मी प्रोब मागच्या टाळूवर नेला, कोन बदलला, झाक गेली. रंगीत डॉपलर लावला तर झालरीत रक्ताचा प्रवाह दिसला. गुठळीत तो दिसत नाही. मग बाजूने, काऊडेट आणि थॅलॅमस या मेंदूच्या दोन भागांमधल्या खाचेवर थांबले. नाजूक रक्तवाहिन्या तिथे असतात, फुटतात त्या तिथेच. झालर त्या खाचेच्या पुढे कधी जात नाही. पुढे पांढरं दिसलं तर रक्त समजायचं. पुढे काही नव्हतं.

हे सगळं करायला चार मिनिटं लागली असतील. त्या चार मिनिटांत मी आईकडे वळून एक शब्द बोलले नाही. आधी खात्री करून घेते, असं मनात होतं. माझी खात्री होईपर्यंत तिकडे सिस्टरने तिला पाणी दिलं होतं, आणि बाहेरून आजीबाई दारापर्यंत आल्या होत्या, काटोलकडच्या, नऊवारी, डोक्यावर पदर.

"रगत हाय का नाही, तेवढं सांगा डाक्टरीनबाई. बाकीचं मले नाही समजत."

"नाही आजी. आज नाही."

"आज नाही म्हंजे?"

या बाईला स्लाइडची गरज नव्हती. आज नाही म्हणजे सातव्या दिवशी पुन्हा बघणार, आणि बाळाचे दिवस भरतील तेव्हा आणखी एकदा, कारण काही इजा पडद्यावर उमटायलाच दोन-तीन आठवडे घेतात. हे मी त्यांना बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "दूध सांडलं, जाऊ दे. दुसरं काढ."

रेसिडेंटचं तोंड उतरलं होतं. त्याला माफी मागायची होती. मी म्हटलं, माफी नंतर, आधी आईला चित्र दाखव. साठवलेलं चित्र उघडून तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. इंग्रजीत फाडफाड बोलणारा पोरगा मराठीत अडकला.

"हे पांढरं... हे असतंच. सगळ्यांना असतं."

"तुम्हाले पण?"

"हो. मला पण आहे."

ती पहिल्यांदा जरा हसली.

संध्याकाळी मी स्लाइड मोजल्या. सदतीस विरुद्ध तीन. ज्याला सकाळभर फक्त पांढरे ठिपके दाखवले, त्याला दुपारी दुसरं काय दिसणार? त्यात नॉर्मलही एकच नसतं. 28 आठवड्यांचा मेंदू गुळगुळीत असतो, मग आठवड्यागणिक वळ्या वाढत जातात. एकाचं नॉर्मल दुसऱ्याला लावता येत नाही. आता पहिला पूर्ण दिवस मी रोगाचं नाव काढू देत नाही. फक्त ओळखा, नावं सांगा, किती आठवड्यांचं बाळ ते पडद्यावरून सांगा. पोरं कंटाळतात. आणि खाटेजवळ बोलायचं ते 'दिसतंय' इतकंच. ग्रेड बाहेर, दार लावून.

सातव्या दिवशीचा स्कॅन स्वच्छ निघाला. नागपंचमीच्या सुमारास, दिवस भरल्यावर, ते लोक तपासणीला आले. बाळ तीन किलोच्या आसपास. टोपडं काढलं तर टाळू तेलाने चपचपीत, वर कापसाचा बोळा. तेलाने प्रोबचं रबर खराब होतं, म्हणून रेसिडेंट ओल्या कापसाने पुसायला लागला.

"आत्ताच भरली टाळू, हळू पुसा," आजीबाई म्हणाल्या.

या वेळी प्रोब त्याच्या हातात होता. करंगळी कपाळाला टेकलेली. पुढून मागे, मग बाजूने, दोन्हीकडे. पूर्ण स्कॅन होईपर्यंत तो तोंडातून अक्षर बोलला नाही. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग तो आजींकडे वळला.

"आजी, सगळं जागच्या जागी आहे."

आजीबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "मंग लावू का आता तेल?"