घरच्या माणसाचे दोन शब्द

आमच्या छंद मंडळाचा वार्षिक मेळावा जानेवारीतल्या एका रविवारी गोव्यात कुडचडेत भरतो. समई पेटते, नाट्यगीत होतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं, कार्यवाह म्हणून मी अहवाल वाचते, खजिनदार हिशेब सांगतात. हे सगळं दरवर्षी नीट पार पडतं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. लिहायचं आहे ते दुपारच्या चहानंतरच्या कार्यक्रमाबद्दल.

त्याला आम्ही ‘घरच्या माणसाचे दोन शब्द’ म्हणतो. यात सभासदाने तोंड उघडायचं नसतं. ज्यांनी घरात तो छंद सांभाळून घेतला, त्यांनी बोलायचं. एका वर्षी पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांच्या पत्नी उभ्या राहिल्या. परातीत भिजवलेली तिकिटं त्या पंचावर कशी वाळत घालत, पंखा का लावू देत नसत, हे त्यांनी सांगितलं आणि शेवटी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या की, पाण्यातून तिकीट फाटू न देता काढायला घरात माझ्याच बोटांना येतं. ते ज्येष्ठ सभासद मान खाली घालून डोळे पुसत होते. व्यासपीठावरच्या कुठल्याही भाषणाने मला असं कधी हलवलेलं नाही.

माझा छंद म्हणजे लहान आगगाड्या. वडील कुळेला रेल्वेत होते. 1888 साली सुरू झालेला मुरगाव बंदराचा तो मार्ग तेव्हा मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं बँकर इंजिन मी शाळेत जायच्या आधीपासून पाहत आले. कुळे ते कॅसलरॉक हा 26 किलोमीटरचा चढ 1:37 चा, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना एक मीटर वर. लग्न होऊन कुडचडेत आले तरी रुळांशी नातं तुटलं नाही. आमच्या घरातून गाडीची शिटी ऐकू येते.

आमच्या ह्यांना रेल्वेचं काही नव्हतं. त्यांचा जीव नाटकाच्या पडद्यांत. जत्रेच्या नाटकांसाठी महाल, अरण्य, रस्ता रंगवण्यात त्यांची किती वर्षं गेली. मी 1:87 प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, पहिलं इंजिन घरी आणलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन एवढंच विचारलं, “याच्या मागे आभाळ कुठलं लावणार?” तिथपासून आमची वाटणी ठरली. रूळ, वायरिंग, तारांना डाग देणं (सोल्डरिंग) माझं. डोंगर, झाडी, पाणी आणि आभाळ त्यांचं.

दुधसागरवरून आमचा मोठा वाद झाला. धबधबा 310 मीटर उंचीचा. 87 ने भागलं तर साडेअकरा फुटांच्या वर जातो. हॉलच्या पंख्याला लागेल. मला माप सोडवत नव्हतं. ते म्हणाले, “रंगमंचावर राजवाडा कधी मापाने असतो का?” त्यांनी तीन फुटांत चारही टप्पे बसवले, सिलिकॉनचे धागे ओढून पाणी केलं, धबधब्यासमोरच्या रेल्वेपुलाच्या कमानी मुद्दाम किंचित लहान ठेवल्या, आणि समोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. माती मात्र खरी आहे: चिऱ्यांची लाल पूड, माझ्या जुन्या ओढणीतून चाळलेली.

आमच्या मॉडेलच्या रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटरला या प्रमाणात एकोणीसच्या वर लागतं, म्हणून जाणकार माणसाला आमची गाडी थोड्या अरुंद रुळांवर चालताना दिसते. या मापाचे रूळ आणि इंजिनं मिळतात, म्हणून ते पत्करलं. बँकरच्या बाबतीत मात्र मी काहीच पत्करलं नाही. पुढचं आणि मागचं इंजिन एकाच 12 व्होल्टवर सारख्या वेगाने पळायला हवं, नाहीतर मागचं जास्त रेटतं आणि मधला डबा चढावर उचलून रुळाबाहेर पडतो. दोन्ही इंजिनं वेगवेगळी पळवून घड्याळ लावायचं काम हे करतात. पावसाळ्यात आमच्याकडच्या दमटपणात रूळ काळवंडतात आणि गाडी अडखळते; तेव्हा स्पिरिटचा बोळा घेऊन रूळ पुसायलाही हेच बसतात.

तर एका वर्षी दोन शब्दांसाठी ह्यांचं नाव निघालं. पडद्यामागचा माणूस, माईक हातात धरायची सवय नाही. म्हणाले, रात्री मालगाडी गेली की ही झोपेतून उठून सांगते, भरलेली गेली की रिकामी. मी नुसता हो म्हणायचो. एकदा ही गाढ झोपलेली असताना गाडी गेली, आणि मला कळलं. मी हिला हलवून उठवलं आणि सांगितलं, “अगो, भरलेली गेली.” एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या थांबल्यावर मला पुढच्या वक्त्याचं नाव पुकारायचं होतं, पण माझा आवाज फुटेना. खजिनदारांनी पुकारलं.

म्हणूनच मला वाईट वाटतं. पणजी-म्हापशाची मंडळी आली तर जेवणापर्यंत थांबतात, चहाच्या वेळी घरी निघतात. कुडचडे लांब पडतं म्हणे. मडगावहून तर सरळ गाडी आहे, रेल्वेच्या मॉडेलाला यायला रेल्वेने येता येत नाही का? पाहुण्यांनी घाई केली तर समजू शकते. सभासदांनी करू नये. मागच्या रांगा रिकाम्या दिसल्या की बोलायला उभी राहिलेली एखादी वहिनी बिचकते. ती वर्षातून एकदाच बोलणार असते.

आता आभार, कारण मेळाव्यात घाईघाईने म्हटले जातात. दुधसागरचे तीन भाग टेम्पोतून उशांवर ठेवून आणणारा आमच्या वाड्यावरचा टेम्पोवाला. फळ्यांना मरीन प्लायच लागेल असा हट्ट धरणारे सुतारमामा. त्यांच्यामुळे एवढे पावसाळे काढूनही फळी फुगली नाही. हॉलची चावी सांभाळणारे शिपाईकाका, रविवार असून पहाटे येतात. पातळभाजी करणाऱ्या दोघी मावशी आणि गरम पाव आणून देणारा पदेर. माईकवाला मुलगा, रांगोळी काढणाऱ्या आठवीच्या मुली, गाडीजवळ उभं राहून लहान मुलांचे हात अलगद मागे घेणारे नववीचे मुलगे. जनरेटर देणारे शेजारचे दुकानदार. खुर्च्या परत मोजून देणारे खजिनदारांचे मेहुणे. नाट्यगीताला पेटी वाजवणारे गुरुजी राहिलेच होते, आणि फुलं देणारी फुलकारीणसुद्धा.

यंदा ह्यांनी स्वतः सभासदत्वाचा अर्ज भरला आहे. छंदाच्या रकान्यात लिहिलंय, ‘नाटकाचे पडदे’. समितीने अर्ज मंजूर केला. त्यामुळे येत्या जानेवारीत घरचं माणूस म्हणून माईकसमोर मी उभी राहणार आहे, आणि पडद्यांबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे. सगळ्यांनी चहानंतर थांबावं.