वाद हवाय, वाद!

आज सकाळपासून वादग्रस्त विषय शोधतोय. माझ्या पोस्टला मोजून चार लाइक, त्यातला एक बायकोचा, तोही आठवण केल्यावर.

गोव्यात विषयांना काय तोटा? १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घ्या. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं, पण आमच्या फोंड्यात चहाच्या गाड्यावर मतमोजणी अजून चालूच आहे. मराठी-कोंकणी? १९८७च्या राजभाषा कायद्याचं नाव काढलं की हसून नमस्कार करणारे शेजारी फाटकाला कडी घालतात. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी तंटा आहे, पण त्यात इथे सगळेच एका बाजूला, भांडायचं कोणाशी? बेळगावचा साडू आहे म्हणा, पण तो येताना कुंदा आणतो. त्याला कशाला दुखवा!

शेवटी भीतभीत कोळंबीच्या कालवणातल्या मसाल्याबद्दल एवढंच लिहिलं, ‘सुंगटांच्या हुमणात तिरफळ चालतं.’

झालं! काकींचा फोन. "अरे, तिरफळ बांगड्याला! सुंगटांना आंबाडे घाल, नाहीतर भेंडी. आईने हेच शिकवलं तुला?" मागून काका ओरडले, "त्याला म्हणावं, आधी जेवायला ये, मग लिही!"

कमेंटी अजून चालूच आहेत. विलीनीकरणवादी आणि विरोधक, दोघेही माझ्याविरुद्ध एक झालेत. पेडण्याच्या मावशीने तर कळवलंय, रविवारी येतेय. बांगडे घेऊन.