माझे फोटो नेमके असतात कुठे?

फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून माझ्या मावशीने गेल्या दिवाळीत जुने फोटो पुसून टाकले. ते क्लाउडवर आहेतच, असा तिचा भरवसा होता. तीन महिन्यांनी नातीच्या बारशाचे फोटो शोधू लागली, तेव्हा ते तिथेही नव्हते. "हे क्लाउड असतं तरी कुठं?" असे तिने मला रडवेल्या आवाजात विचारले. तिला दिलेले उत्तर इथे नीट लिहून काढतो आहे.

संगणकांच्या जाळ्याची आकृती काढताना ज्या भागाचा तपशील दाखवायचा नसे, तिथे अभियंते ढगाचे चित्र काढत; तेच नाव रूढ झाले. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, आपण भाड्याने वापरत असलेले संगणक. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात अशा डेटा सेंटरच्या इमारती आहेत. आत सर्व्हरच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या संगणकांच्या रांगा, त्यांना अखंड थंड ठेवणारी यंत्रणा, वीज जाताच भार उचलणाऱ्या बॅटऱ्या आणि त्यांच्या पाठीशी डिझेलचे जनरेटर असतात. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हेही त्या इमारती तिथे असण्याचे एक कारण आहे.

भाड्याचे गणित मावशीला लगेच पटले, कारण लग्नात पाचशे पानांच्या स्वयंपाकासाठी मोठी पातेली कोणी विकत घेत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी सुमारे १५ लाख विद्यार्थी एकाच दुपारी संकेतस्थळ उघडू पाहतात. त्या एका दुपारसाठी घेतलेले सर्व्हर एरवी वर्षभर पडून राहतील. अॅमेझॉनने २००६ मध्ये असे संगणक तासाला १० सेंट दराने भाड्याने द्यायला सुरुवात केली. एकाच मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र भाग पाडता येतात, म्हणून एकाच यंत्रावर अनेक भाडेकरू एकमेकांना न दिसता नांदू शकतात.

मात्र मावशीचे फोटो गेले ते यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. तिच्या फोनमधील सोय 'सिंक'ची होती, म्हणजे फोन आणि क्लाउड यांची स्थिती सतत सारखी ठेवण्याची. त्यामुळे फोनवर पुसलेले क्लाउडवरही पुसले गेले आणि पुसलेले फोटो काही दिवस राखून ठेवणाऱ्या कचरापेटीची मुदतही उलटली. सेवा देणारी कंपनी आपल्या माहितीच्या अनेक प्रती ठेवते हे खरे, पण त्या एखादी डिस्क निकामी झाली तर उपयोगी पडतात. मालकाने स्वतः दिलेली पुसण्याची आज्ञा सगळ्या प्रतींना लागू होते. हा फरक सामान्य वापरकर्त्याला ठळकपणे सांगितला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिवाय इमारत म्हटली की आगही आली. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, आणि ज्या ग्राहकांची दुसरी प्रत त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी काहींची माहिती कायमची गेली.

बारशाचे चाळीसएक फोटो अखेर मावशीच्या जावयाच्या फोनमध्ये सापडले. त्यांची एक प्रत आता क्लाउडवर आहे आणि दुसरी हार्ड डिस्कवर. ती डिस्क मावशीच्या घरी न ठेवता मुद्दाम माझ्या कपाटात ठेवली आहे.